व्हायोलिनला कसला श्वास?

आमच्या वहिनीचा आवाज गेला त्याला अकरा वर्षं झाली. घशाच्या ऑपरेशननंतर उरली ती नुसती कुजबुज. त्याआधी ती समूहगायनात गायची. महिनाभर घुम्यासारखी बसली आणि मग ऑर्केस्ट्राच्या कचेरीत नकलनवीस म्हणून चिकटली. संगीतकार सगळ्या वाद्यांची मिळून एक जाडजूड वही लिहितो. तीवरून प्रत्येक वादकाची पानं वेगळी उतरवायची, हे तिचं काम. अक्षर मोत्यासारखं, खाडाखोडीचं नाव नको. मी तिची सख्खी नणंद, म्हणजे चुका काढणं माझं हक्काचं काम. पण मलाही कधी एकही सापडली नाही.

यंदा सापडली, आणि तीही कंडक्टरला. बसच्या नव्हे, ऑर्केस्ट्राच्या!

पाचशे वर्षांपूर्वी चार गळ्यांसाठी रचलेलं एक गाणं एका तरुण संगीतकाराने साठ वाद्यांसाठी नव्याने बांधलं होतं. वहिनी डबा विसरली म्हणून मी तो घेऊन तालमीला गेले, तर कंडक्टरने छडी खाली ठेवलेली.

"हे स्वल्पविराम कोणी पेरलेत?"

प्रत्येक पानावर, ओळीओळीच्या शेवटी, गायकांनी श्वास घ्यावा म्हणून करतात ती खूण होती. चांगली शाईने केलेली.

"व्हायोलिनला कसला श्वास? मूळ वहीत यातलं एकही नाही!"

वहिनी उभी राहिली. कानापर्यंत लाल. "उतरवताना नेहमीच मनात गाते, आणि हे तर मुळात गळ्यांचंच गाणं," ती कुजबुजली. "जिथे दम संपला तिथे हाताने आपोआप केलं असणार. सगळी पानं नवी करून देते."

साठ जणांची पानं! पण तिच्याकडे पाहिलं आणि कळलं, हिला कामाचं काही नाही. अकरा वर्षं ती चोरून गात होती, आम्हा कोणाला पत्ता नव्हता, आणि आता तेवढंही तिला स्वतःच्या हाताने पुसायचं होतं. मला त्या कंडक्टरचा असा राग आला म्हणून सांगू!

तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून संगीतकार म्हणाला, "सर, मघाशी सगळ्यांनी खुणा सोडूनच वाजवलं ना? मला ते कोंडल्यासारखं वाटलं. एकदा खुणांसकट बघू या?"

कंडक्टरने कपाळाला आठ्या घातल्या. "बरं. खुणेपाशी थांबा. वाटल्यास खरोखरच श्वास घ्या."

पहिली ओळ संपली आणि साठ माणसांनी एकदम श्वास घेतला. चक्क ऐकू आला. मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण अंगावर काटा आला.

छडी न थांबवता कंडक्टरने मान वळवली. "बाई, नवी पानं नकोत."

वहिनीने ते ऐकलं की नाही, कोण जाणे. डोळे मिटून ती ओठ हलवत होती. ती दम घ्यायची आणि तिच्याबरोबर अख्खा ऑर्केस्ट्रा घ्यायचा. माझी वहिनी सगळ्यांदेखत गात होती.