मी ‘रवा’ म्हणाले

काका-काकू आता दूर, वॉन नावाच्या शहरात मुलाच्या घरी, बेसमेंटमध्ये राहतात. मी दर रविवारी फोन करते. काका परीक्षांचं विचारतात, काकू जेवणाचं. इथे सस्काटूनला बर्फ पडला का, हे मात्र दोघंही विचारत नाहीत. मीही सांगत नाही.

हे लिहावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. मला लिहिण्याची सवय नाही, आणि यात माझ्याबद्दल चांगलं असं फारसं काही नाही.

ते माझे सख्खे काका-काकू नव्हेत. युनिव्हर्सिटीत आले तेव्हा मी त्यांच्या घराच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायला गेले. काका साताऱ्याकडचे. पन्नास वर्षांपूर्वी मातीवर पीएच.डी. करायला आले आणि इथेच राहिले. तेव्हा रिटायर्ड झालेले. वय शहात्तर, पण चालणं तरुण माणसाचं. मी जालन्याकडची. वडिलांची पिठाची गिरणी आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली, त्यामुळे कॉलेजात काही अडलं तर घरी विचारायला कुणी नव्हतं. ते सगळं मी काकांना विचारायचे.

पहिल्या हिवाळ्यात मी अख्खा जानेवारी हीटरशेजारी बसून काढला. एका शनिवारी काका जिन्यातून ओरडले, “अगं, मे महिन्यापर्यंत तिथेच बसणार का? बूट घाल. इथल्या थंडीशी भांडून कुणी जिंकलेलं नाही. तिच्यात खेळायला शिक.”

गावाबाहेर गाडीने चाळीस मिनिटांवर नदीच्या खोऱ्याचा एक उतार आहे. डोंगर म्हणावा इतका उंच नाही, पण तिथे लिफ्ट आहे, भाड्याने स्की मिळतात. काका तिथे पन्नासेक वर्षं जात होते. त्यांनी मला तिथे उभं राहायला, थांबायला, पडायला आणि पडल्यावर उठायला शिकवलं. तसा पेशन्स माझ्याबाबतीत आधी कुणी दाखवला नव्हता.

बर्फाचे शब्द आम्ही दोघांनी मिळून ठरवले. खरं तर मीच ठरवले. इंग्रजीतले शब्द माझ्या डोक्यात राहत नव्हते. एकदा हातमोजा काढून मी बर्फ चिमटीत धरला आणि सहज म्हणाले, “काका, हा रवा आहे. मागच्या आठवड्यात पीठ होतं.” गिरणीत लहानपण गेलेल्या मुलीला दळण बोटांनी कळतंच, त्यात विशेष काही नाही. पण काका एवढे खूश झाले की त्यांनी ते शब्द कायमचे घेतले. ताजा, भुरभुरीत तो पीठ. दाणेदार तो रवा. आणि पाणी होऊन पुन्हा गोठलेला, करकरीत, ती फरशी.

फरशीचा नियम त्यांनी मला चारचारदा सांगितला होता. “फरशीवर वळायचं नाही. स्कीच्या कडा लागतच नाहीत तिथे. स्की सपाट ठेव, गुडघे सैल, घसरतेस तशी घसर. उताराच्या कडेला जिथे भुसभुशीत दिसेल तिथे पोचल्यावर वळ. घाबरून मध्येच वळलीस की पडलीस.” रव्यावर उलट. तिथे जोर देऊन वळायचं.

त्यानंतर आमचा एक रिवाज पडला. पहिली फेरी मी एकटीने मारायची. तोवर काका खाली बाकावर बसून सावकाश बूट घालणार. मी खाली आले की विचारणार, “बोला मॅडम. पीठ, रवा की फरशी?” माझ्या उत्तरावर ते कुठल्या उताराने यायचं आणि कसं यायचं ते ठरवायचे. फरशी म्हटलं तर कधी कधी नुसती कॉफी पिऊन परतही यायचे. माझ्या शब्दावर कुणीतरी काही ठरवतं, याचं मला फार अप्रूप होतं.

दुसऱ्या हिवाळ्यात दोन दिवस पाऊस झाला, आणि मग पारा एकदम उणे वीसच्या खाली गेला. त्या शनिवारी सकाळी, इंजिन गोठू नये म्हणून रात्रभर लावून ठेवलेला गाडीचा प्लग काढायला मी बाहेर आले, तर काकू दारात उभ्या.

“हे ऐकणार नाहीत माझं,” त्या म्हणाल्या. “तू वर जाऊन बघ. धड नसेल तर जाऊ देऊ नकोस त्यांना. तुझं ऐकतात.”

“हो काकू.”

“नुसतं हो नको. बघून सांग.”

मी पुन्हा हो म्हणाले.

लिफ्टमधून उतरले आणि पहिल्याच वळणावर स्की खरवडल्यासारखा आवाज करत बाजूला निसटल्या. मी कुशीवर पडले आणि तशीच वीस-पंचवीस फूट घसरत गेले. हातातली एक काठी वरच राहिली. उठायला गेले तर पुन्हा पडले. तेवढ्यात सहा-सात वर्षांचा एक मुलगा माझ्या शेजारून सरळ उभ्याने सर्रकन खाली गेला. त्याच्यामागे त्याची बहीण. दोघं हसत होती.

तिथे माझ्या मनात जे आलं ते नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. मला वाटलं, बर्फ ठीक असणार, मलाच जमत नाहीये.

ही माझी जुनी खोड आहे. पहिल्या सेमिस्टरला लॅबमधलं एक मीटर चुकीचे आकडे दाखवत होतं, तर तीन दिवस मी तोच प्रयोग पुन्हा पुन्हा करत बसले. शेवटी लॅबवाल्या मुलीने सांगितलं, ते मीटर सोमवारपासून बिघडलंय. बाकी सगळे केव्हाच दुसऱ्या टेबलावर गेले होते. काका त्यावर पोट धरून हसले होते. “अगं, आधी यंत्रावर संशय घ्यायचा, मग स्वतःवर! तू उलटीच.” मीही हसले होते, पण खोड गेली नाही. इथे काहीही चुकलं की मला वाटतं, इतरांना माहीत असलेली एखादी गोष्ट मलाच माहीत नसणार.

काठी घेऊन मी आडवी घसरत, कडेकडेने खाली आले. काका बुटाची शेवटची पट्टी आवळत होते.

“बोला मॅडम.”

माझ्या पाठीला बर्फाची भुकटी लागली होती, ती मी येतायेताच झटकली होती. पडल्याचं त्यांना कळू नये म्हणून. दोन हिवाळे शिकवून हिला अजून येत नाही, असं त्यांना वाटेल, ही मला भीती होती.

“रवा,” मी म्हणाले. “जरा जाडसर आहे.”

“जाडा रवा! म्हणजे उपमा. चला.”

लिफ्टच्या खुर्चीत आम्ही शेजारी बसलो. वर जायला पाच-सहा मिनिटं लागतात. तेवढा वेळ मला होता. काका त्यांच्या पहिल्या हिवाळ्याची गोष्ट सांगत होते. उधार कोट घालून ते याच उतारावर कसे पडले होते, ती. मी खाली बघत होते. उन्हात उतार आरशासारखा चमकत होता. “काका, मी मघाशी पडले,” एवढंच म्हणायचं होतं. ओठांवर आलंही. मग वाटलं, आता सांगितलं तर मघाशी का नाही सांगितलं म्हणतील.

वर उतरल्यावर ते म्हणाले, “माझ्यामागून ये.” आणि त्यांच्या नेहमीच्या जागी, रव्यावर वळतात तसे, पूर्ण जोर देऊन वळले.

दोन्ही स्की एकदम पायाखालून निसटल्या. ते उजव्या कुशीवर आपटले. तो आवाज मला दुरूनही ऐकू आला.

मी बसून घसरत त्यांच्यापर्यंत पोचले. चेहरा पांढरा पडला होता. ओठ हलत होते. “पाय,” ते म्हणाले. “पायात जोरच राहिला नाही गं.”

मी त्यांचा हात धरून बसले.

उतारावर गस्त घालणारे, लाल जॅकेटवाले पॅट्रोलचे दोघं घसरगाडी घेऊन आले. काकांना गाडीवर बांधताना त्यांच्यातला एक मला इंग्रजीत म्हणाला की वरचा भाग नुसती काच झालाय, सकाळपासून हा तिसरा माणूस, आता लिफ्ट बंद करताहेत. काका तेव्हा वेदनेने डोळे मिटून होते. त्यांनी ते ऐकलं नाही. मी ऐकलं. तोवरची चूक माझ्या न्यूनगंडाची म्हणता येईल. तिथून पुढची तशी म्हणता येणार नाही.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, आत सळई घातली. हॉस्पिटलमध्ये काकूंनी मला विचारलं, “बर्फ कसा होता गं?”

“ठीक होता,” मी म्हणाले.

मग त्या म्हणाल्या, “मीच अडवायला हवं होतं.”

काका वॉकरवर घरी आले. मी ग्रोसरी आणायचे, ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायचे, त्यांना व्यायामाला न्यायचे. काकू येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगायच्या, पोटच्या मुलीने केलं नसतं एवढं करते. ते ऐकताना मला तिथून उठून जावंसं वाटायचं.

काका मात्र बदलत गेले. आधी म्हणाले, “वय झालं, पायाने दगा दिला.” नंतर हाड जुळलं, डॉक्टर खूश होते, तरी जिना उतरायला ते घाबरू लागले. गाडी चालवणं सोडलं. स्की कुणाला तरी देऊन टाकल्या, मला न सांगता. मुलगा फोनवर म्हणत होता, आता तुम्ही दोघं एकटे राहू नका. पूर्वी हा विषय निघाला की काका त्याला उडवून लावायचे. या वेळी म्हणाले, “खरंय तुझं. माझा माझ्यावर भरवसा उरला नाही.” मी तेव्हा समोरच भाजी निवडत होते.

मे महिन्यात घरासमोर विक्रीची पाटी लागली. पंधरा दिवसांत घर गेलंसुद्धा.

त्यानंतरच्या एका दुपारी काका मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मी त्यांच्यासमोर पायरीवर बसले आणि सांगितलं. मी पडले होते, हे सांगितलं. वीस-पंचवीस फूट घसरले होते, तेही. फरशी होती आणि मी रवा म्हणाले. पॅट्रोलचा माणूस काय म्हणाला, ते शेवटी.

काकांनी शास्त्रज्ञासारखे प्रश्न विचारले. नेमकी कुठे पडलीस? पहिल्या वळणावर? स्की कडेवर होत्या का? मी उत्तरं दिली. प्रत्येक उत्तराला ते मान हलवत होते.

“म्हणजे पाय ठीक होते माझे,” ते म्हणाले.

“हो काका.”

“पडलो त्याचं काही नाही गं. पडायला मीच शिकवलं तुला. पण चार महिने मी स्वतःला मोडलेला म्हातारा समजत होतो, आणि तू ते बघत होतीस.”

मी माफी मागितली. मागितली असावी. नक्की कोणते शब्द वापरले ते आठवत नाही, रडत होते एवढं आठवतं. त्यांनी मला थांबवलं नाही, रागावलेही नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

“काकूला सांगितलंस?”

“नाही.”

“मग आत जा आणि सांग. ती रोज म्हणते, मी ह्यांना अडवायला हवं होतं. तिला ते किती दिवस म्हणू देणार आहेस?”

काकू स्वयंपाकघरात जमिनीवर बसून वाट्या, पेले वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. आजूबाजूला खोकी. मी त्यांच्याशेजारी बसले आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्यांचे हात मध्येच थांबले. खिडकीतून काका दिसत होते. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन, वॉकर न घेता, ते उभे राहायचा प्रयत्न करत होते. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“घर विकलं गं आम्ही,” त्या म्हणाल्या.