कोंडाकाकूची झाकलेली चूल

मी शाळेत विज्ञान शिकवते. दरवर्षी ज्वलनाचा धडा आला की फळ्यावर लिहून देते – जळायला इंधन लागतं, हवा लागते आणि पेटायला पुरेशी उष्णता लागते; यातलं एक काढून घेतलं की आग विझते. यावर माझा पूर्ण विश्वास आहे. भुताखेतांवर कधीच नव्हता, आजही नाही. इथले अनुभव मी आवडीने वाचते, पण निम्म्या वेळा मनात म्हणते, काहीतरी साधं कारण असणार. तरी आज स्वतःच लिहायला बसलेय. माझ्या अनुभवाचं साधं कारण मी किती वर्षं शोधतेय... ते सापडलं तर नाहीच, उलट मागच्या महिन्यात त्यात आणखी एका गोष्टीची भर पडली.

आमचं गाव शिरूर कासार तालुक्यात. मुख्य गावापासून जरा बाजूला, माळाच्या उतारावर आमची आळी. समोरासमोर दगडमातीच्या, पत्र्याच्या घरांच्या दोन ओळी, मधून बैलगाडी जाईल एवढा रस्ता आणि टोकाला एक लिंब. दिवाळी झाली की मुकादमाच्या गाड्या यायच्या आणि अख्खी आळी सांगली-कोल्हापूरकडच्या सहकारी कारखान्यांवर ऊस तोडायला जायची. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. माझे आईवडील असाच एक कोयता होते.

आमच्या आळीत एक रीत होती. बंद घराची चूल पूर्ण थंड पडू द्यायची नाही. जाणारं प्रत्येक घर आपली किल्ली मागे राहणाऱ्याकडे द्यायचं आणि चुलीपाशी सरपणाची एक मोळी बांधून ठेवायचं. मागे राहणाऱ्याने दर अमावस्या-पुनवेला प्रत्येक घर उघडून, चार काटक्या पेटवून घराला धूर दाखवायचा. धुराने वाळवी आणि विंचू लांब राहतात, हे एक कारण. पण बायका सांगायच्या ते कारण वेगळं होतं – परत आल्यावर घराने आपल्याला ओळखलं पाहिजे.

मी दहावीला गेले त्या वर्षी दुष्काळ होता. आधी हे काम करणारी म्हातारी वारली होती आणि वडील मलाही सोबत नेणार होते. नववीपर्यंत शिकवलं, पुष्कळ झालं, असं त्यांचं म्हणणं. आई गाडीवर भांडी चढवत होती, मी रडत होते. तेव्हा समोरच्या घरातली कोंडाकाकू मधे पडली. काकू विधवा, मूलबाळ नाही, एकटीच राहायची. त्या साली पहिल्यांदाच गाव सोडत होती – पुतण्याचं तान्हं पोर तिकडे सांभाळायला. ती वडलांना म्हणाली, "पोरीला कावून नेता? आमच्या चुली कोन बघंल मंग? तुमी का मी?"

वडलांनी माझं बोचकं गाडीवरून खाली उतरवलं. घरात त्यांचे चुलते, तात्या, होतेच सोबतीला. अशी मी राहिले. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट म्हणून आज माझं कौतुक होतं, पण ते सगळं काकूच्या त्या एका प्रश्नावर उभं आहे.

जाताना काकूने मला तिच्या चुलीपाशी नेलं. तिची चूल झाकायची पद्धत वेगळी होती. आम्ही सगळे अर्धवट जळालेली लाकडं पाण्याने विझवायचो. काकू ती बाहेर ओढून, मातीवर घासून विझवायची आणि डाव्या कोपऱ्यात भिंतीला टेकवून उभी करायची, जळकी तोंडं वर. मग चुलीतल्या इस्तवावर, निखाऱ्यांवर, अर्धी गोवरी ठेवून वर राख सारायची आणि ती तळहाताने थोपटायची, लेकराला थोपटावं तसं. तिच्या चुलीत दुसऱ्या दिवशीही निखारा मिळायचा. सकाळी आळीतल्या बायका तिच्याकडून इस्तू मागून न्यायच्या. मोळीला सुंभाची गाठ मारत ती म्हणाली, "ध्यान ठिव गं बाय. गार चुलीपाशी परत यायचं म्हनलं की जीव कसनुसा व्हतो."

सगळे गेले. थोड्याच दिवसांत पलीकडच्या गावाजवळ चारा छावणी उघडली आणि तात्या गाय-कालवड घेऊन तिकडेच राहायला गेले. जनावरं सोडून येता येत नव्हतं. बाजारच्या दिवशी पीठमीठ देऊन ते परत जायचे. मी एकटीच उरले.

त्या वर्षी तूर उभी वाळली, कापूस गुडघ्याएवढाही झाला नाही, त्यामुळे तुराट्या-पऱ्हाट्या काही नव्हतं. जनावरं छावणीत, म्हणून गोवऱ्याही नाहीत. शाळेतून आले की मी कोरड्या नदीत वेडी बाभूळ तोडायला जायचे. धड कुऱ्हाडी लोक घेऊन गेले होते. माझ्याकडच्या कुऱ्हाडीचा दांडा हलायचा. ओलं, काटेरी लाकूड. घाव बसण्याआधी हात सोलून निघायचे. मोळी डोक्यावर घेऊन आळीत शिरले की पूर्वी कोणी ना कोणी हाक मारायचं – काय सुमे, जंगल आणलं का काय सगळं! आता नुसती कुलपं. ओल्या लाकडाने घरभर धूर व्हायचा, भाकरी कच्ची राहायची. पुढे पुढे मी एकदाच भाकरी करून दोन दिवस खाऊ लागले. दिवसच्या दिवस तोंडातून शब्द निघायचा नाही. एकदा वर्गात बाईंनी प्रश्न विचारला तेव्हा माझा आवाजच फुटेना... पोरं हसली.

संक्रांतीनंतर मी हरले. मुकादमाचा भाऊ आणखी माणसं न्यायला टेम्पो घेऊन येणार होता. मी त्याला गाठून म्हटलं की मलाही न्या. तो म्हणाला, "परवा ये पाराजवळ. तुझ्या बापाला फोन लावून सांगतो." पुस्तकं मी पोत्यात भरून माळ्यावर टाकली. परीक्षा बुडणार हे कळत होतं. पण माणसाचा आवाज ऐकायला मिळेल एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी अमावस्या होती. निघण्याआधी शेवटचा धूर दाखवून किल्ल्या तात्यांकडे द्याव्यात, म्हणून दुपारीच सुरुवात केली. लख्ख ऊन होतं. एक-एक घर उघडायचं, काटक्या पेटवायच्या, विझल्या की पुढचं घर. कोंडाकाकूचं घर शेवटी घेतलं. कुलूप गंजलं होतं, जोर लावून काढलं. आत गेले आणि काटक्या ठेवायला चुलीतली राख हाताने सारली.

हात भाजला.

राखेखाली अर्धी गोवरी होती आणि गोवरीखाली लालभडक इस्तू. डाव्या कोपऱ्यात तीन लाकडं भिंतीला टेकवलेली, जळकी तोंडं वर. आणि काकूने ठेवलेली मोळी तिथेच होती... सुंभाची गाठ तशीच, न सोडलेली.

मी आधी पुनवेला तिथे धूर दाखवला होता, पण काकूने बांधलेली मोळी सोडवेना म्हणून बाभळीच्या काटक्या आणून, आणि त्या जळून संपल्यावर राखेवर पाणी मारलं होतं. पंधरवडा कोणताच निखारा टिकत नाही, आणि ओल्या राखेत तर नाहीच. घराला खिडकी नाही, मागचं दार नाही. धुराड्यातून मांजरही जेमतेम येईल. किल्ली माझ्या गळ्यात.

मी बाहेर पळाले. लिंबाखाली किती वेळ उभी होते सांगता येणार नाही. ओरडावं तर ऐकणार कोण? भीती होतीच, पण खरं सांगू – ती फार वेळ टिकली नाही. आळीत माझ्याशिवाय कुठेतरी ऊब होती. मी परत आत गेले. चुलीवर पाणी ठेवलं, पीठ मळलं आणि कितीतरी दिवसांनी नीट फुगलेली भाकरी खाल्ली. मग घरी जाऊन माळ्यावरचं पोतं काढलं. काकूच्या घरात उजेड फक्त दाराकडून यायचा, म्हणून चुलीकडे पाठ करून, दाराकडे तोंड करून बसले आणि मोठ्याने वाचायला लागले. पाठीला शेक लागत होता.

टेम्पो आला आणि गेला. मी पारावर गेलेच नाही.

त्यानंतर रोज शाळा सुटली की मी तिथेच बसायचे. कधी चूल गरम असायची, कधी गार. गार असली की मीच पेटवायचे, आणि निघताना काकूसारखी झाकून ठेवायचे. आणखी काही दिसलं नाही, आवाज नाही, सावली नाही. बाजारच्या दिवशी तात्यांना सांगितलं, तर तंबाखू मळत ते म्हणाले, "कोंडी लई चिवट. कारखान्यावर जाऊनबी हितली चूल सोडत न्हाई ती." आणि स्वतःच हसले. मी हसले नाही.

आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी आळी परत आली. माझे पेपर चांगले गेले होते. काकू वाळून गेली होती. गाडीतून उतरली ती सरळ घरात गेली, चुलीपुढे बसली आणि राखेवर हात ठेवला. मी पाणी घेऊन गेले तेव्हा तशीच बसली होती. मी सगळं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात तीच बोलायला लागली. तिकडे ती पहाटेपासून पोराला घेऊन कोपीत, पाचटाच्या झोपडीत, एकटी असायची. बोली वेगळी, माणसं फडात गेलेली. चूलही पुतण्याच्या बायकोची, ती हिला हात लावू द्यायची नाही. मग दुपारी पोर निजलं की ही डोळे मिटून मनातल्या मनात आपल्या घरी यायची. कुलूप काढायचं, चूल पेटवायची, भाकरी करायची, इस्तू झाकायचा. सगळं रीतसर.

"येड्यावानी," ती म्हणाली. "पन तेवढंच बरं वाटायचं. पुढं पुढं तू दिसाय लागलीस."

"मी?"

"पुस्तक घिऊन बसायचीस की. मोठ्यानं वाचायचीस. मला त्यातलं काय कळतंय! पन पोरी, सारखी पाठमोरी बसायचीस. तुझं त्वांड काय दिसलं न्हाई मला."

मी तिथे बसून वाचते हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. तात्यांशीही फक्त चुलीबद्दलच बोलले होते. पाठमोरी बसायचे हे तर मलाही तिने म्हटल्यावर लक्षात आलं.

पुढे मी शिकले, बी.एस्सी. झाले, नोकरी लागली. कॉलेजात मैत्रिणींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, कोणीतरी भुरटा घरात राहत असेल. असेल. पण मग कुलूप? आणि लाकडं उभी करायची ती रीत? एकटेपणात मनाचे खेळ होतात, हेही मी स्वतःला सांगून पाहिलं. माझ्या तळहातावर भाजल्याचा डाग आहे. मनाच्या खेळाने डाग पडतो का, मला माहीत नाही.

काकू आता नाही. वडीलही नाहीत. आई माझ्याजवळ बीडला असते, तिसऱ्या मजल्यावर. घरात गॅस आहे, काचेच्या झाकणाची शेगडी आहे. आईला तिची भीती वाटते. मी आणि हे नोकरीला गेलो की ती दिवसभर एकटी. दुपारी खिडकीपाशी डोळे मिटून बसते. एकदा मी लवकर घरी आले तर तिचा उजवा हात मांडीवर हलत होता. काहीतरी पुढे सारल्यासारखा, मग थोपटल्यासारखा. झोपलीस का विचारलं तर म्हणाली, "न्हाई. बसलेय आपली."

मागच्या महिन्यात सातबाऱ्याच्या कामासाठी शिरूरला गेले होते. काम लवकर झालं, म्हणून गावात जाऊन आमचं घर उघडलं. आळी बंदच होती. आता धूर दाखवायला कोणी मागे राहत नाही. आमच्या चुलीत राख नव्हतीच, कोळ्यांची जाळी होती. काय वाटलं कुणास ठाऊक, बाहेरून बाभळीच्या फांद्या मोडून आणल्या. ओल्याच होत्या. फुंकून फुंकून डोळे लाल झाले, तेव्हा कुठे पेटली. थोडा वेळ बसले, चूल झाकली आणि संध्याकाळच्या एसटीने परत आले.

घरी आईला फक्त तहसीलचं सांगितलं. गावाचा विषयच काढला नाही, तिला उगाच रडू येतं. ती ताट वाढत होती. वाढता वाढता म्हणाली, "आज धूर लई झाला गं. वल्लं लाकूड कावून घातलंस?"

माझ्या साडीला धुराचा वास असणार. मी लगेच तेच धरून ठेवलं. वास आला, तिने ओळखलं, झालं. विज्ञानाच्या बाईला पुरेसं आहे. पण आई तिथेच थांबली नाही. आमटीची वाटी माझ्यापुढे ठेवून ती खाली बघत, जरा रुसल्यासारखी म्हणाली, "आन् आलीस ती पाठ करून बसलीस. वळून बघायचं तरी व्हतंस."

मी दाराकडेच तोंड करून बसले होते. जुनी सवय.

कोणाकडे याचं साधं कारण असेल तर जरूर लिहा, मी मोकळ्या मनाने वाचेन. माझ्याकडे अजून तरी नाही. येत्या अमावस्येला रजा टाकली आहे. सुकं सरपण इथूनच बांधून नेणार आहे, आणि यावेळी चुलीकडे तोंड करून बसणार आहे.