गुळाविना पाणी

माझ्या थोरल्या जावेचं वजन आयुष्यात पहिल्यांदा झालं ते काजूच्या वखारीत, गोणी तोलायच्या काट्यावर. डॉक्टरांकडे तेव्हा वजनकाटा नव्हता. ते म्हणाले, "बंदरावर जा, वखारीत तोलून या आणि मला आकडा सांगा." साठ सालाच्या थोडी आधीची गोष्ट. मालवणात बायकामाणसाने गोणीच्या काट्यावर चढायचं म्हणजे काय, ते आत्ताच्या मुलींना सांगून कळायचं नाही. मी पदर तोंडाला लावून कोपऱ्यात उभी. ती मात्र चढली, दोन्ही हात कमरेवर ठेवून.

हमाल म्हणाला, "वयनी, बारदान वजा करू काय?"

"मेल्या, सगळोच माल आसा! बारदान तुझ्या घराक बग," ती म्हणाली, आणि अख्खी वखार हसली.

दोनशे चार रत्तल भरली, आताच्या हिशेबाने नव्वद किलोच्या वर. ती स्वतःच सगळ्यांत मोठ्याने हसली. हसताना तिचं पोट हलायचं, तेव्हा काट्याची दांडीही हलली. मला हसू आलं नाही, कारण तिच्या डाव्या पायाला चिंधी गुंडाळलेली होती आणि त्या चिंधीचा वास मला येत होता.

खाडीत कालवं काढताना तिच्या अंगठ्याला शिंप लागली होती. आमच्याकडे शिंपा काय रोजच लागतात. हळद दाबायची आणि कामाला लागायचं. पण ही जखम दोन महिने झाले तरी मिटेना. डॉक्टरांनी तिची लघवी नळीत घेऊन निळ्या औषधात उकळवली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि मग विटेसारखं लाल. ते नळीकडे बघत राहिले. मग तिला बाहेर बसवून मला म्हणाले, "हे बघा, लघवीत साखर आहे. वजन उतरलं पाहिजे आणि गोड कायमचं बंद. भात अर्ध्यावर. गोळी मी देतो, पण नुसत्या गोळीने भागणार नाही. बोट काळं पडलं तर मुंबईला नेऊन पाय कापावा लागेल. घरात तुम्हीच रांधता ना? मग हे तुमच्या हातात आहे."

तुमच्या हातात आहे. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, पदरात दोन मुलं. सासू नव्हती. आमचे दोघींचेही नवरे मुंबईला. माझे गणपतीला येत, शिमग्याला येत. थोरले दीर आधी वर्षाआड यायचे, पुढे तेही बंद झालं. का, ते सगळ्या वाडीला ठाऊक होतं आणि तिच्यासमोर कोणी बोलत नसे. मूलबाळही नव्हतं तिला. घरात आम्ही दोघी, आणि मी तिला वयनी म्हणायची. तिनेच मला मासे ओळखायला शिकवले, चूल कशी लावायची ते शिकवलं. आता तिच्या ताटात काय पडायचं आणि काय नाही, ते मी ठरवायचं होतं.

मग मी काय काय केलं ते सांगते. शिकलेली नव्हते, पण एवढं कळत होतं की भुकेल्या माणसाला गूळ सोड म्हणणं म्हणजे वाळत घातलेले मासे मांजराच्या राखणीला देणं. आधी पोट भरलं पाहिजे. सकाळची उकड्या तांदळाची पेज बंद केली आणि नाचणीचं आंबील सुरू केलं, ताक घालून, वर कांदा. दुपारी आधी पानात भाजी वाढायची, ढीगभर. पावसात टाकळा, मग शेवग्याचा पाला, केळफूल, कच्ची पपई, जे घरामागच्या परड्यात मिळेल ते, खोबरं चिमूटभर. त्यावर चवळीची नाहीतर काळ्या वाटाण्याची उसळ. मग बांगड्याचं तिखलं आणि नाचणीची भाकरी. कुळथाची पिठी दाट करायची, वाटीभर, भाताशिवाय प्यायला. आणि भात सगळ्यांत शेवटी, एक पळी. चार वाजता भूक लागली की भाजलेले चणे, तवशाच्या, म्हणजे मोठ्या काकडीच्या फोडी.

पहिल्या दिवशी तिने ती पळी बघितली.

"ह्या काय? कावळ्याक घास काढलंस काय?"

"वयनी, डॉक्टरांनी सांगितलंय."

"भात नाय तर जेवान कसला? ढोरांक पेंड घालतत तशी माका पिठी घालतंस." पण खाल्लंन. दुसऱ्या दिवशीही खाल्लंन. आठवड्याभरात म्हणाली, "एक खरा आसा. आता दोन वाजता पोटात कावळे ओरडणत नाय." मला केवढा आनंद झाला!

पण गोडाचं काही केल्या जमेना. जेवण झालं की तिचे डोळे फडताळाकडे जात. तिथला गुळाचा डबा मी उचलून शेजारी नेऊन ठेवला, मुलांनासुद्धा घरात गूळ बंद केला. ती जिथे डबा असायचा त्या रिकाम्या फळीकडे बघे. मी बडीशेप देई, वाळवलेला आवळा देई, आमसुलाचं आगळ मीठ घालून देई. ती सगळं तोंडात टाके आणि म्हणे, "माका पोटात भूक लागणा नाय गो. तोंडाक लागता." एकदा मुलाला खोकल्याचं औषध दिलं, मध घातलेलं, तर मागे वळून बघते तो ती चमचा चाटत होती. पन्नाशीला आलेली बाई. मी बघितलं हे तिने बघितलं, आणि चमचा धुवायला टाकला.

महिना झाला, सव्वा महिना झाला. नळीत रंग तोच, विटेचा. जखमेची कड आता काळपट दिसायला लागली होती. डॉक्टर माझ्यावरच चिडले. "तुम्ही मला खोटं सांगताय. ही बाई कुठेतरी गोड खाते आहे." मी घरी येऊन सगळे डबे हुंगले, तिची उशी झटकली, परड्यातल्या पेंढ्याखाली हात घालून बघितलं. काही नाही.

मग एका दुपारी भांडी घासताना मला अचानक समजलं, आणि मी हातातलं भांडं खाली ठेवलं.

जेवण झालं की वयनी फिरायला बाहेर पडायची. रोजचं होतं ते, माझ्या लग्नाआधीपासूनचं. वाडीत आमची दहा-बारा घरं. एकीच्या लोणच्याला मीठ किती ते बघायचं, दुसरीच्या बाळाला तेल लावायचं, सासूसुनेचं भांडण मोडायचं, आणि हसवायचं सगळ्यांना. दिवेलागणीला घरी यायची. आणि प्रत्येक घरात, पायरीवर बसली की पुढ्यात काय यायचं? तांब्याभर पाणी आणि वाटीत गुळाचा खडा. आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला नुसतं पाणी देत नाहीत. गरिबातला गरीब असला तरी गूळ ठेवणार. नुसतं पाणी पुढे येतं ते सुतकाच्या घरी, नाहीतर ज्यांच्याशी संबंध तुटले त्यांच्या घरी. दिवसाला सात घरं तरी व्हायची, म्हणजे सात खडे. शिवाय तिला आवडतो म्हणून मोठे.

मी तिला विचारलं. तिने लपवलं नाही. "खातंय. काय करू? गूळ नको म्हटलंय तर तेंच्या घरचा पाणीय नको असा होता. लोकांचो अपमान करू?"

"वयनी, पाय जाईल."

"बरा, सोडलंय. उद्यापासून थोडोच घेतंय."

थोडाच म्हणजे किती, ते मला कळत होतं. इथे माझं चुकलं. तिच्याशी भांडायला हवं होतं, रडायला हवं होतं, पाया पडायला हवं होतं. त्याऐवजी ती आंघोळीला गेली की मी पदर खोचून एकेका घरी गेले. तीन दिवसांत सगळी घरं केली. प्रत्येकीला सांगितलं, सोमवारपासून आमच्या वयनीला गूळ देऊ नका. पाणी द्या, नुसतं.

"नुसता पाणी?" एक म्हातारी म्हणाली. "वयनीक? ह्या पाप आमच्या माथ्यार कित्याक गो?"

"तिचो पाय जातलो तो तुमच्या गुळान जातलो. मग ता पाप कोणाच्या माथ्यार?" मी म्हटलं. मला माझ्या बोलण्याचा अभिमानच वाटला.

चौथ्या दिवशी, सोमवारी दुपारी वयनी गेली आणि तासाभरात परत आली. इतक्या लवकर ती कधीच आली नव्हती. मी तांदूळ निवडत होते. ती चप्पल न काढताच मागल्या दाराच्या पायरीवर बसली. तिथून तोंड न वळवता म्हणाली,

"पयल्या घराक वाटला, गूळ सपलो आसात. दुसऱ्या घराक वाटला, सुतक आसा. मी इचारलंय, कोण गेला गो? तर ती मान खाली घालून बसली. तिसऱ्या घराक समाजला. गेलंय ती मीयाच."

माझे हात सुपातच राहिले. "वयनी, तुमच्या पायासाठीच केलंय ता."

"पायासाठी केलंस ता बरा केलंस. पण माका सांगून करूचा होता. माझ्या पाठीमागसून घरोघर सांगत फिरलंस, हिका घालू नका म्हणान. मी काय चोरटी मांजर?"

मी रडले. माफी मागितली. दुसऱ्या दिवशी त्या घरांतल्या दोघीतिघी आल्या, म्हणाल्या, "वयनी, आमका काय बरा वाटला काय? हिणा सांगलान म्हणान." तिने त्यांना बसवलं, शेजारून गुळाचा डबा परत मागवला, मोठमोठे खडे वाटीत ठेवले आणि त्या खाईपर्यंत समोर बसून राहिली. स्वतः कणभरही तोंडात टाकलं नाही. त्या दिवसापासून तिने गोडाला हात लावला नाही. डबा फडताळात तिच्यासमोर होता. मला आता तो लपवायची गरज राहिली नव्हती.

आणि ती बाहेर जायची बंद झाली. मी वाढेन ते खायची. आंबील, पिठी, पाला, उसळ, पळीभर भात. टोमणा नाही, तक्रार नाही. ताट संपवून उचलायची. मला वाटायचं, एकदा तरी म्हण, ढोराची पेंड घातलीस. नाही म्हणाली.

पाऊस संपला तेव्हा जखमेला खपली धरली. दिवाळीपर्यंत अंगठा भरून आला. काळी कड गेली. नळीत रंग हिरवट निळ्यावर थांबला. परत वखारीत गेलो, तर एकशे बासष्ट रत्तल. तोच हमाल होता. त्याने तिच्याकडे बघितलं, आकडा सांगितला आणि गोणी उचलायला निघून गेला. चोळ्या सगळ्या ढगळ झाल्या होत्या. मी त्या रात्री बसून आत घेतल्या.

डॉक्टर इतके खूश झाले की विचारू नका. "पाय वाचवलात तुम्ही," मला म्हणाले. त्यांच्याकडे साखरेचं दुसरं माणूस आलं की ते माझ्याकडे पाठवू लागले. कसालकडच्या बायकासुद्धा एसटीने यायच्या, विचारायच्या, काय घातलंत हो तुम्ही त्यांना? मी ओटीवर बसून सांगायची. आधी पोट भरा, मग गोड सोडा. नाचणी, कुळीथ, पालेभाजी आधी, भात शेवटी. त्या बोटांवर मोजून घ्यायच्या. वयनी आत बसून ऐकायची. घरोघर फिरून मी जे केलं होतं ते मी एकीलाही सांगितलं नाही. ते सांगितल्याशिवाय तो उपाय पुरा होत नव्हता, हे मला ठाऊक होतं आणि आत बसलेल्या तिलाही.

वाडीतली बोलावणी येत राहिली. "वयनी, बारशाक येवा." ती म्हणे, "पाय दुखता गो." तो पाय दुखत नव्हता. "वयनी, हळदीक येवा." "पाय दुखता." शेवटी त्या म्हातारीनेच विचारलं, "मग येतलंस तरी कधी?"

"तुमच्याकडे कोण गेला की येतलंय," वयनी म्हणाली.

आम्हांला वाटलं, रागाने बोलली. पण दोन महिन्यांनी वाडीत एकाकडे माणूस गेलं, आणि सांगितलं त्याप्रमाणे ती लुगडं बदलून निघाली. दिवसभर तिथे बसली. रडणाऱ्यांना धरलं, पोरांना जेवू घातलं. तिथे सगळ्यांनाच नुसतं पाणी मिळत होतं. त्यानंतर वाडीत, शेजारच्या वाडीत, जिथे सुतक तिथे ती. लग्नाला नाही, बारशाला नाही, सणाला नाही. पुढची चौदा वर्षं हेच.

वजन परत वाढलं नाही तिचं. पाय शेवटपर्यंत शाबूत. ताठ चालायची, वयाच्या मानाने झपाझप. ती पाणंदीने निघाली की अंगणात खेळणारी पोरं खेळ थांबवून तिला विचारायची, "आजये, आज कोण गेला?" आणि ती चालता चालता त्या घराचं नाव सांगायची.