नऊ नंबरच्या खाटेवरची मर्मर

परळच्या आमच्या वॉर्डात मेडिसिन शिकवणारे सर हृदयाची मर्मर तोंडाने काढून दाखवत. मर्मर म्हणजे झडप बिघडली की ठोक्यांमध्ये येणारी घरघर. सरांची घरघर अशी, की करी रोडच्या टॉवरांच्या काचा थरथराव्यात. ते स्टेथोस्कोप शर्टावरूनच टेकवत, डोळे मिटत आणि मैफलीत बसल्यासारखे "वाहवा!" म्हणत. पेशंटचं तोंड त्यांनी उभ्या हयातीत एकदा जरी पाहिलं असेल, तर माझी डिग्री परत घ्या.

एकदा नऊ नंबरच्या खाटेला त्यांनी अशीच दाद दिली. मग आम्ही एकोणतीस जणांनी ओळीने ऐकून माना डोलवल्या. मी तर डोळेही मिटले. तिसावी, शीवला राहणारी एक मुलगी, म्हणाली, "सर, मला काहीच ऐकू येत नाही."

"कान आहेत का करंज्या?" सर गरजले. "वहीवर सही मिळणार नाही! आणि सहीशिवाय परीक्षेला बसायचं नाही!"

ती रडवेली झाली. तेवढ्यात खाटेवरचा माणूस उठून बसला. "साहेबानू, पेशंट एक्सरेक गेलो हा. मी तेचो भाव. जरा आडवो झालंय."

सरांनी सावकाश चष्मा पुसला.

"बघा," ते आम्हाला म्हणाले, "हा आजार घराण्यातच असतो. यांनाही भरती करून घ्या."

मग मुलीची वही ओढून त्यांनी सहीच्या जागी लिहिलं, 'ऐकण्याचा सराव वाढवावा.'

आम्हा एकोणतीस जणांना त्याच दिवशी सह्या मिळाल्या.