पंपासमोरचे प्रोफेसर

प्रोफेसर कुठल्याही कॉलेजात शिकवत नव्हते, आणि शिकलेही नव्हते. त्यांच्याकडे एक छोटा मालवाहू ट्रक होता. तो पेट्रोलवर चालायचा, जवळजवळ निव्वळ इथेनॉलवर चालायचा, दोन्ही मिसळून घातलं तरी चालायचा. बस, एवढंच. एवढ्या भांडवलावर माणसाने किती शेफारावं! पंपावरच्या लोकांनी त्यांना चिडवायला म्हणून प्रोफेसर नाव ठेवलं, तर या गृहस्थांनी ते पदवीसारखं गळ्यात घालून घेतलं.

पंप त्यांच्या घराच्या अगदी समोर. मधे फक्त रस्ता. संध्याकाळी काम आटोपलं की प्रोफेसर पंपाच्या कठड्यावर बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला अक्कल वाटत. पेट्रोल भरणाऱ्याकडे ते आजारी नातेवाइकाकडे बघावं तसे बघायचे. डिझेलची गाडी आली की नाकाला रुमाल लावायचे. इथेनॉलवर गाडी कमी पळते, टाकी लवकर रिकामी होते, असं कुणी म्हणालाच तर त्याची धडगत नसे. "अहो, पहिलवानाला खुराक जास्तच लागतो!" असं म्हणून ते स्वतःच हसत. दुसरं कोणी हसत नसे, पण त्याने त्यांचं काही अडायचं नाही.

त्यांचं सगळं मन लावून ऐकणारं एकच माणूस जगात होतं, ते म्हणजे त्यांची बायको. तिने उभी हयात दुसऱ्याच्या बेकरीत कणीक तिंबण्यात घालवली होती. आता घरामागच्या खोलीत स्वतःची भट्टी घातली होती. रात्रीच्या जेवणाला नवऱ्याचं इथेनॉलपुराण सुरू झालं की ती हातातला घास थांबवून विचारायची, "मग थंडीत काय होतं हो?" आणि प्रोफेसर फुलून यायचे. या बाईला एवढा धीर कुठून येत असेल, हे तिच्या भावाला कधीच कळलं नाही.

तर या बाईला एक मोठी संधी चालून आली. गावाबाहेरच्या वसतिगृहात पाव पुरवायचा. आधी एक दिवस नमुन्यादाखल द्यायचा, नाश्त्याच्या घंटेआधी, गरम. मेसच्या बाईंना पसंत पडला तर रोजचं काम तिचं, नाहीतर जुन्या बेकरीचंच चालू राहणार होतं. भट्टीची बायकोला काळजी नव्हती, काळजी होती ती पाव पोचण्याची.

"अहो, मी काय म्हणते, माझ्या भावाचा टेम्पो पण बोलावून ठेवू का? असू दे आपला, अडीनडीला," ती आदल्या दिवशी म्हणाली.

"ते धूर ओकणारं डबडं?" प्रोफेसर एकदम ताठ झाले. "पावाला डिझेलचा वास लागेल! घरात असली गाडी असताना तू भावाच्या दारात जाणार? माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

"आहे हो," ती म्हणाली, आणि तिने भावाला फोन केला नाही.

आता झालं होतं असं की आठवडाभर पंपावरचं इथेनॉल संपलं होतं. प्रोफेसरांना नाइलाजाने पेट्रोल भरावं लागलं होतं, आणि तेवढे दिवस ते तोंड चुकवून वावरत होते. नेमकं त्याच संध्याकाळी इथेनॉल आलं. प्रोफेसर खडखडीत रिकाम्या टाकीचा ट्रक घेऊन सगळ्यात पुढे हजर! त्यांनी टाकी तोंडोतोंड भरून घेतली. मागे एक नवखा ट्रकवाला उभा होता, त्यालाही सोडलं नाही.

"नवीन आहात? मग ऐका. पेट्रोलवरून इथेनॉलवर आलात की लगेच गाडी उभी करायची नाही. चांगला मोठा फेरा मारायचा. टाकीत काय आलंय ते गाडीतल्या कॉम्प्युटरला चालता चालताच कळतं. तसंच थंडीत ठेवलंत तर सकाळी बोंबलत बसाल."

नवख्याने मान डोलावली आणि फेरा मारायला निघून गेला. प्रोफेसरांनी रस्ता ओलांडला आणि ट्रक घराशेजारच्या गल्लीत, भट्टीच्या दाराशी लावला. घर समोरच असताना फेरा कशाला मारायचा? नियम काय, तो अडाण्यांसाठी असतो.

सकाळी हातपाय गारठवणारी थंडी होती. बायकोने पावाचे ट्रे ट्रकमध्ये रचले, वरून जाड चादरी पांघरल्या. प्रोफेसरांनी किल्ली फिरवली. नळीत उरलेल्या पेट्रोलवर गाडी ऐटीत सुरू झाली, गल्लीच्या तोंडापर्यंत गेली, दोन गचके दिले आणि तिथेच अडून बसली. त्यानंतर तिने नुसतं कण्हायचं काम केलं. प्रोफेसर किल्ली फिरवत राहिले. बॉनेट उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. पंपावरचे लोक रस्त्यापलीकडून बघत होते. मदतीला येण्यापेक्षा त्यांना बघण्यातच जास्त रस होता, आणि खरं सांगायचं तर त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

बायकोने भावाला फोन लावला. तो टेम्पो घेऊन आला, पण ट्रकने गल्लीचं तोंडच अडवलेलं. मग त्याने टेम्पो रस्त्यावर लावला आणि ती दोघं एकेक ट्रे डोक्यावर घेऊन कडेच्या फटीतून नेऊ लागली. "भाऊजी, निदान चादरी तरी धरा," भाऊ म्हणाला. प्रोफेसर चादरी धरून उभे राहिले. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

उन्हं वर आल्यावर ट्रक सुरू झाला, आणि सुरू झाला तो असा की जणू काही घडलंच नाही. प्रोफेसर रिकामा ट्रक दामटत वसतिगृहाच्या फाटकात पोचले. बायको आणि भाऊ पायरीवर चहा पीत होते. पाव घंटेनंतर पोचला होता, कोमटच. मेसच्या बाईंनी खाऊन बघितला होता आणि काम दिलं होतं, पण उशीर पुन्हा चालणार नाही असं बजावून. बायकोचे डोळे रडून लाल झालेले होते.

काम मिळालं म्हटल्यावर प्रोफेसरांच्या जिवात जीव आला, आणि जीव आला तशी जीभही सुटली. "त्याचं काय झालं, टाकीत इथेनॉल, पण कॉम्प्युटर आपला पेट्रोलच समजून बसलेला. मग थंडीत गाडी सुरू होणार कशी? काल भरल्यावर एक फेरा मारायला हवा होता, की संपलं!"

बायकोने नेहमीसारखं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "हे तुम्हाला काल माहीत होतं?"

"म्हणजे काय!" प्रोफेसर छाती काढून म्हणाले. "अख्ख्या पंपावर मला एकट्यालाच माहीत होतं."

"बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत नसतं, तर उद्या मी पुन्हा तुमच्याच गाडीत पाव ठेवले असते."

तिने रिकामे ट्रे उचलले आणि भावाच्या टेम्पोत नेऊन ठेवले.