उरुग्वेची बाटली आणि लोहाऱ्याचा दवाखाना

लोकांच्या घरात किस्से जमायला वर्षं लागतात. आमच्यात एका बाटलीवर भागलं. रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी माझे दीर महेशभाऊजी पुण्याहून आले आणि पिशवीतून लाल वाईन काढली.

"वहिनी, उरुग्वेची हाय. दक्षिण अमेरिका. कुणाला म्हाईत न्हाय म्हणून स्वस्त."

हे त्यांनी अभिमानानं सांगितलं. माझं लक्ष परीकडं. दोन वर्षांची माझी लेक, दिसंल ते तोंडात घालते.

*

बूच काढायचं हत्यार पुण्यातच राहिलं. मग परीच्या पप्पांनी बुचात स्क्रू पिळला आणि पक्कडीनं ओढला. दोघं भाऊ असे घामाघूम, जणू बोअरमधली मोटार वर काढतायत.

*

भाऊजींनी स्टीलच्या ग्लासात वाईन गोल गोल फिरवली. "आधी वास घ्यायचा. चामड्याचा येतो बघा."

सासऱ्यांनी नाक लावलं. "चामड्याचाच वास पायजे व्हता तर हिरीवरच्या कातडी मोटंचं पाणी काय वाईट व्हतं?"

*

"मोठे जाणकार नुसती चव घेतात आन् थुंकून टाकतात," भाऊजी म्हणाले.

सासूबाई दारातूनच बोलल्या, "माझ्या सारवलेल्या अंगणात कुणी जाणकार व्हायचं न्हाय."

*

लेकराला धोका किती, हे कळावं म्हणून मी एक थेंब बोटावर घेतला. कच्चं जांभूळ आणि गंजलेला खिळा. एवढ्यासाठी ती बाटली समुद्र ओलांडून आली.

उरलेली बाटली मी आधी फडताळात ठेवली, मग कपाटावर, मग कोठीमागं. हे म्हणाले, "पोलीस बंदोबस्तच माग की."

*

सोमवारी दुपारी परी झोपली ती उठेचना. वाकून बघितलं तर भपकन तोच वास. तशीच तिला उचलून ह्यांच्या गाडीवर बसले आणि तालुक्याच्या गावी, लोहाऱ्याचा दवाखाना गाठला. बाहेर दहा-बारा बाया बसलेल्या. त्यांच्यासमोरूनच रडत आत गेले.

डॉक्टरांनी परीच्या छातीला मशीन लावलं. गार लागल्याबरोबर ती भोकाड पसरून उठली. डॉक्टरांनी तिचं तोंड हुंगलं, मग स्वतःची खुर्ची मागं सरकवली.

"लेकरू ठणठणीत हाय. वास तुमच्या पदराला येतोय, बाई."

दार उघडंच होतं.

त्या बायांपैकी कुणी ओळखीची असंल तर एवढा निरोप द्या: सकाळी मी ती बाटली पदराखाली झाकून वर माळवदावर लपवायला नेली, तोंडाचा कागदी बोळा निसटला. प्यायले नव्हते. आणि जरा घाईनं द्या. त्यांतली एक सासूबाईंची मावसबहीण हाय.