याकोबमामांचे पाय

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. म्हणजे — गोष्ट सांगितली आहे, पुष्कळदा, हावभावांसकट आणि टाळ्या घेऊन. पण खरी नाही.

मिरजेत मला कोण ओळखत नाही? चर्चचा नाताळचा कार्यक्रम असो की साहेबांची प्रचारसभा, माईक माझ्याच हातात. "साहेबांचं आगमन होत आहे" हे मी असं काही म्हणतो, की लोक रिकाम्या रस्त्याकडेही माना वळवून बघतात! आणि नकला? पाळकसाहेबांची, डॉक्टरांची — आणि याकोबमामांची.

मामा तासगावजवळ बेदाण्याच्या शेडवर कामाला होते. रविवारी मामींना घेऊन एसटीने उपासनेला यायचे. प्रार्थनेला उभे राहिले की बांधावरून हाक मारावी तसे देवाशी बोलायचे — "देवा, ऐकतूयास न्हवं?" एका नाताळला मी स्टेजवर त्यांची नक्कल केली. अख्खं चर्च हसलं. मामींनी तोंडाला पदर लावला होता. हसत होत्या की रडत? मी नीट पाहिलं नाही. त्यानंतर मामा चर्चला आले नाहीत.

पाळकसाहेब मात्र त्यांच्याकडे जात राहिले. शेवटी मामा म्हणाले, येतो. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळी आमच्याकडे पाय धुण्याची उपासना असते. प्रभूने शिष्यांचे धुतले, तसे मंडळीच्या एका वडिलाने, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्याने, बारा जणांचे पाय धुवायचे. त्या वर्षी ते काम माझ्याकडे होतं. शेवटची खुर्ची मामांची. मी त्यांच्यापुढे गुडघे टेकणार आणि मामा मंडळीत परत येणार — इतकं साधं ठरलं होतं.

इथून पुढे मी नेहमी आवाज चढवतो. आज कसा चढवू?

निवडणूक तोंडावर आली होती. साहेबांना मीच बोलावलं होतं — बसतील मागे, चार लोक बघतील. ते आले तेव्हा मी घंगाळं घेऊन मामांसमोर पोचलो होतो. साहेबांच्या मागोमाग फोटोवाला शिरला. त्यांचा एक माणूस माझ्या कानाशी लागला, "साहेब काय हुबंच ऱ्हाणार व्हय?"

मामा चपला काढून बसले होते. टाचेच्या भेगा दगडाने घासून घासून पांढऱ्या केलेल्या. पाय धुऊन घ्यायचे म्हणून गडी घरून पाय धुऊन आला होता!

मी वाकलो. "मामा, जरा उठता का? साहेब आलेत. तुमचे पाय मी घरी येऊन धुतो."

"घरी येशील?"

"येत्या गुरुवारी. शप्पथ."

"बरं रं, पौलस," म्हणाले, आणि चपला हातात घेऊन उठले.

भांडले का नाहीत? चारचौघांत माझी लाज का नाही काढली? — मी कमरेच्या टॉवेलला हात पुसले, माईक मागितला आणि म्हणालो, "याकोबमामांनी आपली जागा स्वतःहून साहेबांना दिली आहे. नम्रता म्हणतात ती हीच!" टाळ्या पडल्या. त्या उपासनेत, टाळ्या! मामा दारापर्यंत पोचले होते. ते वळले आणि त्यांनी हात जोडले. माझं खोटं त्यांनी गुपचूप अंगावर घेतलं. मग मी साहेबांचे मऊ पाय धुतले. फोटो झकास आला. अजून माझ्या बैठकीच्या खोलीत आहे.

शिष्य पेत्राने निदान जिवाच्या भीतीने प्रभूला 'ओळखत नाही' म्हणून नाकारलं. मला कशाची भीती होती?

गुरुवारी गेलो का? सभा होत्या, मग मिरवणूक — नको, कारणं नकोत. गेलो नाही. त्या गुरुवारी नाही, पुढच्या नाही, कधीच नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मामा वारले. मी पोचलो तेव्हा त्यांना अंघोळ घालत होते. मामींनी पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला. "दर गुरवारी पाय धुऊन बसायचं. म्हनायचं, पौलस यील. आता आलायसा, तर पाय तेवढं तुमी धुवा." आवाजात राग नव्हता. राग असता तर — काय केलं असतं मी?

मी हात पुढे केला. खरंच केला होता. तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजला. साहेब सांत्वनाला आले होते.

"आलोच, मामी," म्हणालो, आणि फाटकावर जाऊन उभा राहिलो.

साहेबांना आत घेऊन आलो, तोवर मामांच्या पायांत पांढरे मोजे चढवलेले होते.

दफनभूमीत मी मामांच्या नम्रतेची गोष्ट सांगितली. खुर्ची, चपला, जोडलेले हात — सगळं. माईक लागला नाही. साहेबांनी रुमालाने डोळे टिपले. मामी खाली बघत होत्या. मी "स्वतःहून" म्हणालो, तेव्हा त्यांनी मान वर केली आणि गोष्ट संपेपर्यंत माझ्याकडे बघत राहिल्या.

मी गोष्ट पूर्ण केली.